बाबांच्या बोटीतलं पाणी

टक, टक, टक, टक, आणि मग एकदम ढब. त्या एका आवाजाने आमचं पुढचं दीड वर्ष ठरवलं.

मी बोटीच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, छोट्या हातोडीने ठोकत होते, वरून खाली, वीत वीत सरकत, आणि बाबा शेजारी खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसले होते. वरच्या अर्ध्या भागात आवाज खणखणीत येत होता, इंजिनाच्या खालच्या दोन बोल्टांजवळ आले आणि तो बसला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. बाबांनी डोळे उघडले. "उजवीकडे जा." उजवीकडे पण तेच. "आता डावीकडे." डावीकडे हातभर जाईपर्यंत तेच, मग पुन्हा टक. त्यांनी मला खडू दिला आणि त्या बसक्या आवाजाच्या कडेने रेघ मारायला लावली, तर तो तुकडा छोट्या टेबलाएवढा निघाला.

बोट १९८६ ची आहे, १७ फुटी, फायबरची, पुढून उघडी, मागे तीन सिलिंडरचं ७० हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होते आणि दादा सहावीत. आमच्या सगळ्या सुट्ट्या तिच्यात गेल्या, दादा पोहायला तिच्यावरून उडी मारून शिकला, आईची डाव्या हाताची जागा ठरलेली. मग बाबांचे गुडघे गेले, आम्ही दोघं आपापल्या कामात, आणि बोट ट्रेलरवर ताडपत्रीखाली ७ वर्षं उभी राहिली. दादा म्हणत होता विकून टाकू, जे मिळेल ते मिळेल. मी म्हटलं आधी बघू तरी काय अवस्था आहे, बघितल्याशिवाय कसं ठरवायचं.

एक गोष्ट मला सुरुवातीलाच सांगायची आहे कारण खूप जणांचं इथेच चुकतं असं मला वाटतं. जुनी बोट हातात आली की माणूस पॉलिश घेतो, सीटची कव्हरं बदलतो, नवीन स्टिअरिंग बघायला लागतो, मग इंजिनाकडे वळतो, आणि लाकडाकडे सगळ्यात शेवटी. उलटं करा. फायबरची बोट म्हटलं तरी तिच्या पोटात लाकूड असतं. ट्रान्सम म्हणजे फायबरच्या दोन कातड्या आणि मध्ये साधारण ३८ मिलीमीटर जाड प्लायवूड, तळातले लांब आडे, म्हणजे स्ट्रिंगर, बऱ्याच बोटीत लाकडाचेच, वरून फायबर चढवलेले, आणि पायाखालची फ्लोअरसुद्धा प्लायची. वरून सगळं गुळगुळीत पांढरं दिसतं आणि आत सडत असतं. १०० किलोच्या वर वजनाचं इंजिन त्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं आणि बोट पुढे ढकलायचा सगळा जोर त्याच भिंतीतून जातो, त्यामुळे ती गेलेली असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. हातोडी फिरवा, सगळीकडे. फ्लोअरवर टाचेने दाबत चाला. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवा आणि दुसऱ्या कुणाला ट्रान्समकडे बघायला सांगा, भिंत इंजिनाबरोबर हलताना दिसली तर समजायचं. आणि शंका आली की आतल्या बाजूने ४ मिलीमीटरचं ड्रिल घ्या, बाहेरच्या कातडीपर्यंत न जाता थांबा, आणि ड्रिलवर काय निघतं ते बघा. कोरडा पिवळसर भुसा निघाला तर देव पावला. आमच्या ड्रिलवर काळा चिखल निघाला, त्याला कुजक्या पानांसारखा वास होता, आणि ड्रिल काढल्यावर त्या भोकातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. ७ वर्षं ट्रेलरवर उभी असलेली बोट, आणि तिच्यातून पाणी गळतंय.

बाबा काही बोलले नाहीत. घरात गेले आणि वही घेऊन आले.

ही वही म्हणजे बाबांची बोटीची वही. जाड पुठ्ठ्याची, कोपरे गेलेली, पहिल्या दिवसापासूनची. तेल बदललं, प्लग बदलले, कुठला नट घट्ट केला, त्या दिवशी पाण्याची धार कशी होती, सगळं तारखेनिशी. आम्ही लहानपणी त्यांना खूप चिडवायचो त्याच्यावरून. त्या संध्याकाळी आम्ही तिघं ती वही पहिल्या पानापासून वाचत बसलो कारण बाबांना शोधायचं होतं की पाणी शिरलं कुठून, आणि १९९५ च्या पानावर ते सापडलं. खोली मोजायच्या यंत्राचा सेन्सर त्यांनी ट्रान्समच्या खालच्या कडेला तीन स्क्रूने बसवला होता. त्याच्याच पुढच्या पानावर, दोन महिन्यांनी: "सेन्सर दोन इंच खाली घेतला. जुनी भोकं सिलिकॉनने बुजवली."

तीन स्क्रू. मी टॉर्च घेऊन बाहेर गेले आणि बघितलं, रंगाच्या खाली तीन बारीक फुगवटे अजून होते, आणि नखाने खरवडल्यावर सिलिकॉनचा तुकडा रबरासारखा अख्खा सुटून आला. खडूने काढलेल्या रेघेच्या बरोबर मधोमध. बाबा मागे येऊन उभे होते. बराच वेळ त्यांनी त्या भोकांवर बोट ठेवलं होतं आणि मग म्हणाले, "मीच केलंय गं हे."

मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, पण आज सांगते, ते तेव्हा सगळेच तसं करायचे. सिलिकॉन बाथरूमला ठीक आहे, पाण्याच्या रेषेखालच्या भोकाला नाही, ते फायबरला वरवर चिकटतं आणि काही वर्षांनी कडेने सुटतं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही ही त्याची आणखी एक खोड. योग्य पद्धत अशी की स्क्रूला हवं त्याच्यापेक्षा बरंच मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवले की कडक होणाऱ्या रेझिनने, पूर्ण भरायचं, ते कडक झालं की त्या इपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडायचं. मग स्क्रू लाकडात जातच नाही, इपॉक्सीच्या बुचात जातो, आणि वरचं सील पुढे मागे सुटलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. काम दोन दिवसांचं होतं म्हणून लोक टाळतात, बाकी काही कारण नाही.

आणि आणखी एक गोष्ट तेव्हा कळली जी मला आधी खरी वाटेना. लाकूड सडवायला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त वाईट. सडणं म्हणजे बुरशी, आणि मीठ बुरशीला मानवत नाही, गोडं पाणी आणि थोडी हवा मात्र तिला अगदी हवी तशी मिळते. म्हणजे आमची बोट खाऱ्या पाण्यात फिरत होती तेव्हा जेवढी खराब झाली नसेल त्याच्यापेक्षा जास्त ती ताडपत्रीखाली उभी राहून झाली, कारण ताडपत्री मध्ये खोलगट झाली होती, तिथे तळं साचायचं, ते एका फाटक्या जागेतून आत ठिबकायचं, आणि तळाचं बूच आम्ही लावून ठेवलेलं. सगळं पाणी आतच. बोट पाण्याबाहेर असताना बूच काढलेलं असलंच पाहिजे आणि पुढचं टोक उंच असलं पाहिजे, म्हणजे जे काही आत जाईल ते मागून वाहून जाईल. इतकं साधं. आता आमचं बूच काढलं की स्टिअरिंगला दोरीने बांधलेलं असतं, म्हणजे पाण्यात उतरताना विसरायची सोय नाही.

दादा दुसऱ्या दिवशी विकायचं परत बोलला नाही. उलट सुट्टीच्या दिवशी ग्राइंडर घेऊन हजर.

इंजिन साखळीच्या पुलीने उतरवलं, चार बोल्टांपैकी तीन निघाले, चौथा लाकडात गंजून बसलेला, तो कापावाच लागला. मग आतली कातडी ग्राइंडरने कापली, चारी बाजूंनी ६ सेंटीमीटरची पट्टी शिल्लक ठेवून, बाहेरची कातडी तशीच ठेवली कारण बोटीचा आकार तिच्यावरच उभा असतो. खालच्या अर्ध्या भागातलं प्लायवूड हाताने निघालं. खरंच हाताने, मी ओंजळीने काढून बादलीत टाकत होते, काळं, थंड, ओलं, थर सुटलेले. वरच्या अर्ध्या भागातलं लाकूड मात्र इतकं पक्कं की छिन्नीने एक एक ढलपी काढायला दोन दिवस गेले. फायबरची धूळ हे वेगळंच प्रकरण आहे, साध्या कापडी मास्कने होत नाही, गाळणीचा रेस्पिरेटर, चष्मा, पूर्ण बाह्या आणि हातमोज्याच्या कडेला टेप, इतकं सगळं हवं. पहिल्या दिवशी मी बाह्या दुमडल्या होत्या आणि रात्रभर हात खाजत राहिले. आंघोळ आधी गार पाण्याने करा, चोळू नका.

फ्लोअरचा मागचा एक तृतीयांश भाग उघडला तेव्हा खाली फोम निघाला, बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून ओततात तो. कोरडा असता तर तेवढा फोम पाचएक किलो भरला असता. आम्ही पोत्यात भरून काट्यावर ठेवला, ७१ किलो. म्हणजे एक माणूस आम्ही कायम फ्लोअरखाली घेऊन फिरत होतो. कारण सापडलं तेही बारीकच. तळातलं पाणी पुढून मागे वाहायला आडव्या पट्ट्यांत लहान भोकं ठेवलेली असतात, कारखान्यात ती लाकडात पाडून तशीच सोडलेली, आतल्या कडांना ना रेझिन ना रंग, लाकूड उघडं. वर पाला आणि वाळू अडकून ती तुंबलेली. पाणी तिथे थांबायचं आणि त्या उघड्या कडांतून लाकूड ते पीत राहायचं. नशीब आमचे मुख्य स्ट्रिंगर ठोकून बघितले तर टणक होते, फक्त एक आडवी पट्टी बदलावी लागली. त्या सगळ्या भोकांत आता प्लास्टिकच्या नळीचे तुकडे इपॉक्सीने बसवलेत. फोम परत घातला, तो वगळायचा नसतो, जीव त्याच्यावर असतो, पण ओतायचा न घेता बंद पेशींच्या, म्हणजे पाणी सहज न पिणाऱ्या फोमच्या, जाड शीट कापून घातल्या आणि त्यांच्या खाली पाणी वाहायला बोटभर जागा ठेवली.

नवीन ट्रान्सम बनवणं हे या सगळ्यातलं मला सर्वात आवडलेलं काम. आधी पुठ्ठ्याचा साचा, तो कापून कापून नेमका बसेपर्यंत, मग १८ मिलीमीटरचे मरीन प्लायचे दोन तुकडे. प्लायवर बीएस १०८८ चा, म्हणजे मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा, शिक्का बघून घेतला. साध्या वॉटरप्रूफ प्लायचा गोंद पाण्याला टिकेलही, पण आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि पोकळी म्हणजे पाण्याला खोली बांधून दिल्यासारखं. प्लायच्या कडा सगळ्यात तहानलेल्या असतात, पातळ इपॉक्सीचा पहिला हात दिला तर पाच मिनिटांत पूर्ण शोषून घेतला, परत दिला, परत शोषला, तिसऱ्यांदा चकाकी राहिली.

इपॉक्सी की पॉलिएस्टर हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बोटी बनतात बहुतेक पॉलिएस्टर रेझिनमध्ये, ते स्वस्त आणि पटकन होतं, पण जुन्या कडक झालेल्या फायबरवर आणि लाकडावर इपॉक्सी कितीतरी घट्ट धरतं. दुरुस्तीला इपॉक्सीच, माझं ठाम मत. फक्त त्याचे नियम पाळायचे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी जास्त चालतो, इपॉक्सीत नाही, जे प्रमाण दिलंय तेच, वजनकाट्यावर, जास्त हार्डनर घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट कायम चिकट राहतं. साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या कापलेल्या धाग्यांची चटई, वापरायची नाही, तिचा बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळायला बनवलेला असतो, इपॉक्सीत ती कडकच राहते, दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं बायअॅक्सियल कापड घ्यायचं. कडक झाल्यावर वर मेणचट थर येतो तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवायचा आणि मगच घासायचं. आणि एका भांड्यात जास्त कालवायचं नाही. दादाने घाईत अर्धा लिटर एका उभ्या मगात कालवलं, मी कापड कापत होते, दहा मिनिटांत तो मग हातात धरवेना, नंतर धूर, शेवटी तो मगच वितळून वाकडा. ते स्वतःच्याच उष्णतेने पेटत जातं, जितका गोळा मोठा तितकी उष्णता जास्त. पसरट ट्रेमध्ये ओतलं की निवांत वेळ मिळतो.

दोन्ही तुकडे एकमेकांना आणि बाहेरच्या कातडीला घट्ट मलमासारख्या इपॉक्सीने चिकटवले, इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून लांब बोल्ट आणि आडव्या फळ्या लावून आवळले, सगळ्या कडांनी इपॉक्सी बाहेर येईपर्यंत. कुठे बाहेर आलं नाही तर तिथे पोकळी राहिली असं समजायचं. कोपऱ्यात गोलाई भरून घेतली कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, तिथे फुगा राहतो. जुन्या फायबरच्या कडांना उतार दिला, जाडीच्या १२ पट लांब, म्हणजे ४ मिलीमीटर जाड थराला जवळपास ५ सेंटीमीटर उतार. आखूड उतार दिसायला सारखाच दिसतो, पण सगळा ताण एका रेषेवर येतो.

आठवड्याने बाबांनी हातोडी मागितली. टक, टक, टक, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यांनी पूर्ण ट्रान्सम तीन वेळा ठोकून बघितला.

नवीन भोकं पाडायची वेळ आली तेव्हा ते काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही. ट्रान्सम नेमका त्यांच्या खुर्चीच्या उंचीवर येतो. प्रत्येक भोक मोठं पाडलं, कापसाच्या बोळ्याने आतून कच्चं इपॉक्सी लावलं, मग घट्ट इपॉक्सी सिरिंजने तळापासून भरत वर आले म्हणजे हवा अडकणार नाही, दोन दिवस थांबले, मग मधोमध बारीक ड्रिल. इंजिनाचे चार, बुचाचं एक, सेन्सरला या वेळी ट्रान्समला भोक नाहीच, एक जाड प्लास्टिकची फळी इपॉक्सीने चिकटवली आणि त्याचे स्क्रू त्या फळीत. इंजिनाच्या बोल्टांना पॉलीसल्फाइडचं सील, पॉलीयुरेथेनचं कायमचं सील नको कारण हे बोल्ट कधीतरी परत काढायचे आहेत. बाबांचा हात थोडा थरथरतो आता, ड्रिल धरताना दुसरा हात मनगटाखाली घेत होते, पण एक भोक तिरकं गेलं नाही.

इंजिनाचं सांगते, ते त्या मानाने सोपं निघालं. फिरवायच्या आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, एक दिवस ठेवलं, मग हाताने फिरवलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ११८, ११५, ११६. नेमका आकडा गेजप्रमाणे बदलतो, बघायचं असतं ते तिन्हीतलं अंतर, १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची गरज नाही. गिअर ऑइल मात्र दुधाळ पांढरं निघालं, म्हणजे खाली पाणी शिरलेलं. पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढला तर शाफ्टभोवती मासे पकडायची नायलॉनची दोरी गुंडाळलेली, तिने सील कापलेलं. हे इतकं कॉमन आहे की दर वर्षी पंखा काढून बघायचाच. नवीन तेल खालच्या भोकातून वर भरत जायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा, वरून ओतलं तर हवा आत राहते.

इम्पेलरबद्दल बाबांच्या वहीत जवळजवळ दर वर्षी एक ओळ आहे. रबराचं छोटं चाक, सहा पाती, समुद्राचं पाणी ओढून इंजिनात चढवतं, आणि सगळ्या इंजिनाचं थंड राहणं त्याच्यावर. बोट नुसती उभी राहिली तरी त्याची पाती एकाच बाजूला वाकलेली राहून ताठरतात, त्यामुळे वापरलं नाही म्हणून चांगलं असेल असं धरायचं नाही. आमच्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली. नवीन बसवून मोकळं होता येत नाही, तुटलेले तुकडे शोधायचे, कारण ते आत कुठेतरी पाण्याची वाट अडवून बसतात. एक नळीत सापडला, दुसरा थेट थर्मोस्टॅटच्या तोंडाशी. नवीन बसवताना साबणाचं पाणी लावलं आणि शाफ्ट त्याच्या फिरायच्या दिशेने हळूहळू फिरवत हाउसिंग खाली दाबलं, म्हणजे पाती योग्य बाजूला झुकतात. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदसुद्धा सुरू करू नका, नवीन इम्पेलर तेवढ्यात जळतो.

आणि झिंकचा तुकडा. इंजिनाच्या खालच्या भागाला एक झिंकचा ठोकळा लावलेला असतो, खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की कुणीतरी एक झिजणारच, तर बाकीच्यांऐवजी तो झिजावा म्हणून. अर्धा संपला की बदलायचा. खाऱ्या पाण्याला झिंक किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्याला मॅग्नेशियम. आमचा अजिबात झिजलेला नव्हता, अगदी नवा कोरा, आणि त्याच्या शेजारचं अॅल्युमिनियम मात्र चाळणीसारखं. कारण त्याच्यावर रंग होता. रंगाखाली झिंकचा पाण्याशी संबंधच येत नाही, मग झिजतं इंजिन. तो रंग दिला होता मी, शाळेत असताना, बाबांना मदत म्हणून, आणि मला तो दिवस आठवतो कारण उरलेल्या रंगाने मी त्या ठोकळ्याच्या मागची बाजूसुद्धा नीट रंगवली होती. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मी पण बघितलं नव्हतं." तेवढंच. खड्डे इपॉक्सीने भरले, प्राइमर, रंग, आणि नवीन झिंक बसवायच्या जागा मात्र चकचकीत घासून धातूला धातू लावला.

पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, आत बोट घातलं तर काळं निघत होतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून मऊ करतं आणि ते कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात. तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, ते मिश्रण अजूनही बाबाच करतात.

वायरिंग पूर्ण नवीन केली. जुन्या वायरीचं प्लास्टिक सोललं तर वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. बोटीला कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर लागते, जोड क्रिम्प करून, म्हणजे दाबून, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, गरम केली की आवळणारी, टेप नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासली गेली तर तिला वाचवायला काहीच नसतं. आणि तळातलं पाणी काढायचा पंप मुख्य स्विचवरून घेतला नाही, त्याला बॅटरीवरून स्वतःचा फ्यूज आणि फ्लोट स्विच, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलो तरी तो जागा राहतो. पॉलिश सगळ्यात शेवटी केलं, ओल्या सँडपेपरने ६०० पासून २००० पर्यंत, मग कंपाउंड, मग मेण, आणि पांढरी पूड बसलेला तो जुना निळा पट्टा परत दिसला तेव्हा आई हात पुसत बाहेर आली आणि नुसती बघत राहिली.

पाण्यात उतरवायच्या दिवशी बाबांना आम्ही दोघांनी धरून चढवलं. बूच लावलंय का हे चौघांनी चार वेळा विचारलं. चोक, किल्ली, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं आणि मागून पाण्याची धार निघाली, जाड, पेन्सिलीएवढी, गरम नाही, कोमट. बाबांनी तिच्याखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेर मोकळ्यावर गेल्यावर दादाने पूर्ण थ्रॉटल दिला. वहीप्रमाणे शेवटच्या काही वर्षांत हे इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या वर जात नव्हतं आणि बाबांना वाटायचं इंजिन थकलं. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ५५०० हवेत. त्याच पंख्यावर आता काटा ५३०० ला. इंजिन थकलं नव्हतं, ते ७१ किलोचा ओला फोम ओढत होतं. आम्ही मधे पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकतो ते अंतर, कमी करायचं बोलत होतो, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, बरं झालं थांबलो.

तासाभराने मी मागचं झाकण उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तळात पाणी होतं. फार नाही, पण होतं. मी दादाकडे बघितलं, दादा ट्रान्समकडे. बाबा म्हणाले, "चाखून बघ." मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. म्हणजे आधी धुतलेल्या पाण्याचं उरलेलं नाही, आत्ता बाहेरून येतंय. स्पंजने सगळं टिपून कोरडं केलं, आणि बाबांनी टिश्यूचे तुकडे करून एक एक जागी ठेवायला लावले, प्रत्येक बोल्टाच्या मुळाशी एक, सेन्सरच्या वायरीखाली एक, पंपाच्या नळीखाली एक, बुचाखाली एक. आम्ही इंजिन बंद करून तरंगत बसलो. आई तिच्या डाव्या हाताच्या जागेवर. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

बोल्टांचे चारही कागद कोरडे. सेन्सरचा कोरडा, नळीचा कोरडा. बुचाखालचा भिजलेला. बूच काढायचं धाडस तिथे पाण्यात अर्थातच नव्हतं, किनाऱ्याला आणून ट्रेलरवर घेतल्यावर बघितलं तर रबरी वॉशर जुनाच राहिला होता, एका बाजूला चपटा, चिरलेला. बाकी सगळं बदललं आणि तो नखाएवढा वॉशर राहिला.

बाबांनी वही मागितली. तारीख घातली, ५३०० लिहिलं, धार जाड लिहिलं, आणि खाली: "बुचाचा वॉशर. उद्या."